शांतिवनातली खडीसाखर

शिरूर, ९ जानेवारी २००१

पोपटराव जगदाळे यांस मेहमूदचा सलाम, विठावहिनींना नमस्कार.

पोहोचल्याचं पत्र लगेच टाकीन म्हणालो होतो, पण सामान लावण्यातच जीव मेटाकुटीला आला. दौंडच्या रेल्वे क्वार्टरच्या दोन खोल्यांत तीस वर्षं मावलेलं सामान आमच्या पोराच्या, इम्रानच्या, चार खोल्यांत मावत नाही. खुर्शिद म्हणते, तिकडे निम्मं सामान तुमच्याच घरात असायचं. असेल. तुमचा खलबत्ता आमच्याबरोबर आलाय, तो आता विसरा.

माझ्या निवृत्तीच्या निरोपाच्या दिवशी सगळ्या यार्डासमोर तू काय म्हणाला होतास, आठवतं? "मेहमूद, जिथं रेल्वे न्हाई तिथं तू टिकायचा न्हाईस. दोन महिन्यांत माघारी येशील." तर नीट डोळे उघडून वाच. मी मजेत आहे. आमच्या कॉलनीचं नाव शांतिवन. गावाच्या बाहेर, निमोण्याकडे जाणाऱ्या रस्त्याला, नवीकोरी घरं. इम्रानला रांजणगावला न्यायला कंपनीची बस कोपऱ्यावर येते. ती गेली की दिवसभर चिटपाखरू नाही.

आणि माणसं काय सांगू! शेजारी शंकरराव ढमढेरे, निवृत्त हेडमास्तर आणि कॉलनीचे चेअरमन. आम्ही आलो तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ फाटकाशी येऊन विचारतात, "सगळं ठीक आहे ना?" सख्खा भाऊ विचारणार नाही. परवा चहात साखर किती घालायची यावर मी आणि खुर्शिद बोलत होतो, तर मास्तर चपला न घालता धावत आले. मला हाताला धरून अंगणात नेलं, पाणी पाजलं, म्हणाले, "शेखसाहेब, संसारात एकानं गप्प बसायचं असतं." बिचाऱ्यांना घरी बोलायला कोणी नसावं.

सभ्यपणाही शिकावा तो यांच्याकडून. मी ओट्यावर येऊन बोलायला लागलो की समोरच्या तिन्ही घरांच्या खिडक्या बंद होतात. दुसऱ्याच्या घरातलं आपल्या कानावर पडू नये म्हणून! विठावहिनींना हे मुद्दाम वाचून दाखव.

फक्त जीभ अजून ऐकत नाही. आपली रीत तुला माहीत आहे. यार्डात शंटिंग चालू असलं की ओरडून बोलायचं, आणि मेल धडधडत आली की असू त्या शब्दावर थांबायचं, शेवटचा डबा गेला की पुढचा शब्द. काल मास्तरांना मी म्हणालो, "आज या खुर्शिदला मी चांगली..." आणि दुपारच्या मेलची वेळ झाली म्हणून थांबलो. मेल कुठली यायला इथे? पण मी आपला हात वर करून उभा. "...साडी घेणार आहे" म्हणेपर्यंत मास्तर पळून गेले होते.

आता खरी बातमी. सबाला स्थळ आलंय. वडगाव रासाईचे यासीनभाई मुलाणी, त्यांचा मुलगा कैफ. इम्रानच्याच कंपनीत आहे. दौंडात आलेली दोन स्थळं चहा पिऊन गेली ती गेलीच. पोरगी बोलत नाही, पण मनाला लावून घेतलंय तिनं. हे तिसरं मी हातचं जाऊ देणार नाही. ते लोक येण्याआधी कॉलनीत आमची चौकशी करणार म्हणे. खुशाल करू देत. शेजाऱ्यांचा आमच्यावर जीव आहे.

फोनसाठी अर्ज केलाय. लाइन येईपर्यंत पत्रावर भागव.

तुझा,
मेहमूद

---

दौंड, १७ जानेवारी २००१

मेहमूद शेख, मुक्काम शांतिवन, यांस पोपटरावचा रामराम.

तुझं पत्र मोठ्यानं वाचलं. विठा इतकी हसली की गॅसवरचं दूध उतू गेलं. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "आवं, त्यास्नी सांगा कुनीतरी. त्या मान्साला अजून कळंना."

तर मी सांगतो. अरे शहाण्या, चहातल्या साखरेवर तुम्ही बोलत नव्हतात, बोंबलत होतात. यार्डाच्या कडेला राहून आपल्या सगळ्यांचे आवाज असे झालेत. मीठ मागितलं तरी ऐकणाऱ्याला वाटावं, आग लागली. इथे सगळेच तसले, म्हणून कोणाला कळत नाही. त्या शांतिवनातल्या लोकांना वाटतंय की तू दिवसातून चार वेळा बायकोच्या अंगावर धावून जातोस. तुझे मास्तर माया करायला येत नाहीत, भांडण सोडवायला येतात. आणि खिडक्या बंद होतात त्या कान वाचवायला.

"आज या खुर्शिदला मी चांगली" म्हणून हात वर करून उभा राहिलास! मास्तर पळाले हेच नशीब. मी असतो तर पोलीस पाटलाला घेऊन आलो असतो.

आता जरा गंभीर हो. वडगावचे लोक आधी कोणाला विचारतील? चेअरमनला. आणि चेअरमन काय सांगतील? तेव्हा फार उशीर व्हायच्या आत त्या माणसाकडे जा आणि सगळं समजावून सांग. हळू आवाजात सांग. सबाचा प्रश्न आहे. ती पोरगी माझ्या अंगाखांद्यावर वाढलीय.

फोन कशाला घेतोस उगाच? अंगणात उभा राहून हाक मार, दौंडला ऐकू येईल.

तुझ्या क्वार्टरमध्ये नवीन जोडपं आलंय. इतकी गोड माणसं की घरात आहेत की नाहीत तेच कळत नाही. तू गेल्यापासून मला दुपारची झोप लागायला लागली. खलबत्ता परत पाठव.

पोपट

---

शिरूर, २३ जानेवारी २००१

पोपटराव,

तुझं पत्र मिळालं आणि फाडून टाकलं. जळतोस तू. माझं चांगलं झालेलं तुला बघवत नाही. आम्ही मोठ्यानं बोलत नाही. मी मुद्दाम खुर्शिदला विचारलं, इम्रानला विचारलं, सबाला विचारलं, आणि तिघांनीही "नाही" म्हणून सांगितलं.

ता. क. मास्तर आताच येऊन गेले. "नाही, नाही असं तिघं एकदम का ओरडले?" विचारत होते. योगायोग आहे.

मेहमूद

---

शिरूर, २ फेब्रुवारी २००१

पोपटकाका आणि विठाकाकूंना सबाचा सलाम.

अब्बा ओट्यावर बसलेत, म्हणून मी स्वयंपाकघरात बसून लिहितेय. तुम्ही लिहिलंत ते सगळं खरं आहे. मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, पण अब्बांना सांगायची हिंमत झाली नाही. ते इतके खूश होते.

व्हायचं ते झालंच. वडगावहून कैफचे मामा चौकशीला आले आणि थेट ढमढेरे मास्तरांकडे गेले. मास्तर खोटं बोलणारे नाहीत. म्हणाले, "माणसं लाख चांगली, पण दिवसभर भांडतात. मुलगीसुद्धा." मामा चहा न घेता गेले. अब्बांना हे इम्रानभायनं सांगितलं. दोन दिवस अब्बा जेवले पण नाहीत नीट. मग मास्तरांना समजावायला गेले, पण रागाच्या भरात गेले. त्यामुळे मास्तरांना आता पक्की खात्री झालीय.

काका, तुमच्यापासून काय लपवू? मला हेच स्थळ हवंय. एकदा इम्रानभाय डबा विसरला. बस पार हायवेला लागली होती. मी फाटकातून हाक मारली, "भाय, डबाऽऽ!" आणि बस थांबली. बसमधून एक जण उतरला, पळत आला, डबा घेतला आणि हसत म्हणाला, "अजून कुठवर जातो आवाज?" तो कैफ. दौंडची स्थळं माझा आवाज ऐकून उठून गेली होती. हा ऐकून पळत आला. माझ्या मनातलं हे घरात कोणाला माहीत नाही. तुम्ही आणि काकूंनी पोटात ठेवा.

आता त्यानंच घरी हट्ट धरलाय म्हणे, म्हणून ते पंचवीस तारखेच्या रविवारी एकदा स्वतः येऊन बघणार आहेत. आमच्या घराचा आवाज त्या दिवशी चढला तर संपलंच. काका, काहीतरी इलाज सांगा. अब्बा दुसऱ्या कोणाचं ऐकायचे नाहीत.

तुमची,
सबा

---

दौंड, ८ फेब्रुवारी २००१

मेहमूद,

तुझा माझ्यावरचा राग नंतर काढ, आधी हे वाच. सबाचं काम आहे.

इथे पूर्वी एक स्टेशन मास्तर होते, त्यांची बायको मोठ्या घरातली, अगदी हळू बोलायची. तिनं विठाला एक युक्ती सांगितली होती. तोंडात खडीसाखरेचा खडा धरायचा, गालाच्या कडेला. आवाज चढवायला तोंड मोठं उघडलं की खडा बाहेर पडतो. म्हणजे माणूस आपोआप दबून बोलतो. विठानं तेव्हा करून बघितलं होतं. अर्धा दिवस घरात इतकी शांतता झाली की मीच घाबरून डॉक्टरला आणलं.

आजपासून चौघांनी सराव करा. खडा मोठा घ्या, लहान विरघळतो. तुला डॉक्टरनं साखर बंद केलीय हे मला माहीत आहे, तू खडे मीठ धर. आणि त्या दिवशी मेलच्या वेळेला तोंड उघडं ठेवून उभा राहू नकोस.

यश आलं तर लग्नात मला मानाचा फेटा हवा.

पोपट

---

शिरूर, २७ फेब्रुवारी २००१

पोपट,

तुझ्या इलाजानं आम्ही जगातून उठलो असतो. आता शांत बसून ऐक.

पंधरा दिवस सराव केला. खडा पडला की पुसून परत तोंडात. खुर्शिदनं एवढा मोठा खडा निवडला होता की ती नुसती मानच हलवायची. मी मीठ धरून बसायचो आणि तांब्यामागून तांब्या पाणी प्यायचो. रविवारी पाहुणे आले तेव्हा आम्ही चौघं गाल फुगवून दारात उभे. यासीनभाई, त्यांची बेगम आणि कैफ. मी पुटपुटलो, "या, बसा." तेही पुटपुटले, "बसतो." मला वाटलं, किती खानदानी माणसं! कैफ तर तोंडाला रुमाल लावूनच बसला होता. पोरगा लाजाळू आहे म्हणून मला बरं वाटलं.

सबा चहा घेऊन आली. बश्यांचा आवाज तेवढा येत होता. यासीनभाईंच्या बेगमनं आमच्या चौघांच्या गालांकडे एकेक करून बघितलं आणि नवऱ्याच्या कानाशी लागली. यासीनभाई हळूच मला म्हणाले, "पाव्हणं, समद्या घराला गालगुंड झालंय व्हय? म्हंजी आधी सांगायचं. आमी फुडच्या म्हैन्यात आलो असतो." आणि उठायलाच लागले. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मिठाचा खडा टुणकन त्यांच्या कपात. त्यांनी कपात बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी सबाकडे बघितलं. पोपट, पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं. माझं काळीज तुटलं. दौंडच्या दोन स्थळांच्या वेळी ती अशी रडली नव्हती.

एवढ्यात भिंती हादरल्या. शेजारी मास्तरांच्या परसात बोअरची गाडी सुरू झाली! तमिळनाडूची गाडी, एकदा हातची गेली की महिनाभर मिळत नाही, म्हणून मास्तरांचा नाइलाज. कानठळ्या बसायला लागल्या. यासीनभाई आणि बेगम कान धरून बसले. आणि आमचं काय झालं? आमच्या अंगात शंटिंगच संचारलं. खुर्शिदनं खडा थुंकला आणि ओरडली, "घाबरू नका, बोअर आहे, चहा घ्या!" इम्रान ओरडला, "चिवडा आण गं!" कितीतरी दिवसांनी आम्ही मोकळेपणानं बोललो. यासीनभाई बघतच राहिले.

मग तो कैफ उठला. तोंडावरचा रुमाल काढला. आणि काय आवाज लावला रे त्यानं! आपला फोरमन झक मारील. सबाकडे बघून ओरडला, "आज डबा न्हाई का विसरला?" सबानं तसंच ठणकावलं, "विसरायला बस कुठं आलीय!" आणि दोघं खो खो हसायला लागले. हे डब्याचं काय ते मला अजून कळलेलं नाही. इम्रानला विचारलं तर तोही हसत सुटतो.

यासीनभाई माझ्या कानाला तोंड लावून ओरडले, "आमचा पोरगा प्रेस शॉपला हाय! दिसभर धडाधड! हळू बोलायचं इसरलाय त्यो! दोन ठिकानी ह्याच्यापायी न्हाई म्हनले, म्हून आज रुमाल दिला हुता! आन् आमी बी जपून बोलत हुतो!" मी ओरडलो, "आमची पण तीच तऱ्हा!" मग ते छाती भरून ओरडले, "पोरगी पसंत हाय!"

आणि नेमकी तेव्हाच बोअरची गाडी बंद झाली. तो "पसंत हाय" सगळ्या शांतिवनात घुमला. समोरच्या तिन्ही घरांच्या खिडक्या उघडल्या. कोणीतरी विचारलं, "कोणाला?" पाठोपाठ मास्तर चिखलानं भरलेले आत आले. त्यांना पाणी लागलं होतं ते सांगायला आले होते. आम्ही सगळे ओरडून एकमेकांना मिठ्या मारतोय हे बघून दारातच थबकले. म्हणाले, "म्हणजे... तुम्ही भांडत नव्हता?" मी म्हणालो, "मास्तर, भांडलो असतो तर तुम्हाला कॉलनी सोडावी लागली असती."

लग्न २७ मेला, इथेच कॉलनीत. तुझा इलाज फसला, तरी फेटा मिळेल. रजा आत्ताच टाकून ठेव.

मेहमूद

ता. क. तुझं पहिलं पत्र मी फाडलं नव्हतं.

---

शिरूर, ५ जून २००१

पोपट,

तू आला नाहीस. बदली माणूस आला नाही म्हणून यार्ड सोडता आलं नाही, हे विठावहिनींनी सांगितलं. नोकरी काय असते ते मी जाणतो, तेव्हा बोल लावणार नाही. पण तुझा फेटा खुर्चीवर ठेवला होता आणि त्या खुर्चीवर मी कोणाला बसू दिलं नाही. मास्तर चुकून बसायला गेले तर खुर्शिद ओरडली. ते हसत उठले. आता सवय झालीय त्यांना.

वहिनींनी सगळं सांगितलंच असेल, तरी माझ्याकडून ऐक. आमच्यात निकाह कबूल आहे का ते मुलीला आत घरात विचारतात. मुलीच्या वतीनं बोलणारा वकील आणि साक्षीदार आत जातात, ती हळूच हो म्हणते, आणि ते बाहेर मांडवात येऊन काझीसाहेबांना सांगतात. तर साक्षीदार आत गेले. आम्ही सगळे पुरुष मांडवात मान खाली घालून बसलेलो. आणि आतून सबाचा आवाज आला, "कबूऽऽल!" पोपट, पलीकडच्या गल्लीतली कुत्री उठली. काझीसाहेबांची लेखणी हातातून पडली. साक्षीदार बाहेर आले, पण सांगायला काही उरलंच नव्हतं. सगळ्यात आधी मास्तरांनी टाळ्या वाजवल्या, मग तिन्ही खिडक्यांतून टाळ्या आल्या. कैफ तर आनंदानं उठूनच उभा राहिला, त्याला धरून बसवावं लागलं.

ती गेली वडगावला. सुखात आहे. भीमेच्या पलीकडच्या काठावर आता दोघांचे संवाद ऐकू जातात म्हणे.

इथे मात्र एक विचित्र झालंय. इम्रान कामावर जातो आणि घरात आम्ही दोघंच. दोघंही हळू बोलतो. खडीसाखर नाही, मीठ नाही, कोणी सांगितलंही नाही. आवाजच निघत नाही. खुर्शिद साखर किती विचारते, डॉक्टरनं बंद केली असूनही मी दोन बोटं दाखवतो, तीही ओरडत नाही, संपलं. ज्या शांततेसाठी इथे आलो ती आता कुठे मिळाली, आणि ती मला नको आहे. काल मास्तर फाटकाशी आले. पूर्वीसारखंच विचारलं, "सगळं ठीक आहे ना?" आणि मी फाटक उघडून त्यांना ओट्यावर बसवून घेतलं. तुझी फार आठवण आली. माघारी येशील म्हणाला होतास. माघारी कुठे येऊ? क्वार्टरमध्ये दुसरी माणसं आहेत.

खलबत्ता घासून ठेवलाय. येऊन घेऊन जा.

मेहमूद

---

(कार्ड)

दौंड, ११ जून २००१

मेहमूद,

पंधरा दिवसांची रजा मंजूर झाली. या वेळी बदली माणूस येवो न येवो, मी निघणार. विठापण येतेय.

दुपारची झोप लागते म्हणालो होतो ते खोटं होतं. तुझ्या क्वार्टरमधलं जोडपं गोड आहे, पण मेल आली की मी अर्ध्या वाक्यावर थांबतो, आणि मेल गेली की पुढचं ऐकायला समोर कोणी नसतं. जानेवारीपासूनची कितीतरी अर्धी वाक्यं साठलीत. ती सगळी तुझ्याकडे येऊन पुरी करणार आहे. मास्तरांना आगाऊ सांगून ठेव, आणि सबा-कैफला बोलावून घे.

त्या सत्तावीस तारखेला दुपारी मी यार्डात एकटा उभा होतो. सबाचं कबूल मला तिथे ऐकू आलं. हसू नकोस. विठा परत यायच्या आधीच मी सगळ्यांना पेढे वाटले होते, तिलाच विचार.

शनिवारी न्हावऱ्यावरून येणाऱ्या एस.टी.नं येतोय. स्टँडवर घ्यायला येऊ नकोस. उतरलो की हाक मारीन.

पोपट